शील स्वतःचे, बेडी दुसऱ्याची

ज्याने पंचशील ग्रहण केले, त्याने गांजा ओढणाऱ्यास तुरुंगात धाडणाऱ्या कायद्याचाही पुरस्कार केलाच पाहिजे, असे आमचे काही धम्मबांधव समजतात. उलट आमच्यातील काही सुशिक्षित तरुण विचारतात की, अमेरिकेतील अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाला असताना पाचव्या शीलाचे जोखड आम्ही कशाला वाहावे? ही दोन मते परस्परविरुद्ध दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेली चूक एकच आहे. दोघेही शील आणि कायदा यांची गल्लत करतात. ही गल्लत किती घातक आहे, हे अमेरिकेतील सिॲटल शहराच्या एका उत्सवावरून स्पष्ट होईल.

१९९१ साली सिॲटलच्या एका सार्वजनिक उद्यानात सुमारे ५०० माणसे जमली. गांजाबंदीचा कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती. पुढे या मेळाव्यास हेम्पफेस्ट हे नाव पडले. तो दरवर्षी ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या मर्टल एडवर्ड्स उद्यानात भरू लागला आणि त्याची गर्दी लाखावर गेली, असे आयोजक सांगत. त्याचे एक संस्थापक विव्हियन मॅक्पीक व त्यांचे सहकारी निषेध आणि उत्सव या दोन शब्दांचा जोडशब्द करून या मेळाव्याचे वर्णन करीत. तेथे प्रवेशास तिकीट नव्हते. स्वयंसेवकांचे श्रम व लोकांची देणगी यांवर तो चाले. तिकीट लावलेल्या मांडवात गरिबाचा आवाज पोहोचत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

या लोकांनी दगड उचलला नाही. भाषणे केली, पत्रके वाटली, मते मागितली. २००३ साली सिॲटलच्या मतदारांनी ठरविले की, प्रौढ व्यक्तीने स्वतःपुरता गांजा बाळगणे ही पोलिसांच्या लेखी सर्वांत शेवटची बाब असावी. २०१२ साली वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी बंदीच उठविली. पुढच्याच वर्षी याच मेळाव्यात पोलिसांनी नव्या कायद्याची माहिती चिकटवलेल्या खाऊच्या पुड्या वाटल्या! काल ज्या हातात बेडी होती, त्या हातात आज पुडी आली. माणूस तोच, झाड तेच. बदलला तो फक्त कायदा. मग कालपर्यंत ज्यांना गुन्हेगार म्हटले गेले, त्यांचा गुन्हा तो कोणता?

आणि ते गुन्हेगार होते तरी कोण? अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संस्थेने २०१३ साली देशभरातील अटकांचा अहवाल प्रसिद्ध केला. गोरे आणि काळे यांच्यात गांजा ओढण्याचे प्रमाण जवळपास सारखेच. परंतु तो बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता मात्र काळ्या माणसाच्या बाबतीत ३.७३ पट! सिॲटलमध्ये २०१८ साली न्यायालयाने ५४२ जणांच्या जुन्या शिक्षा पुसून टाकण्याचा हुकूम केला. त्यांत जवळजवळ निम्मे काळे होते. शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा दहा टक्केही नाही.

कायदा शब्दाने सर्वांस सारखा होता. त्याचा दंडुका मात्र माणसाचा रंग पाहून पडत होता. ही गोष्ट आम्हांस अपरिचित आहे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या देशातील माणसांना आईच्या कुशीतच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा रद्द होऊन अनेक दशके लोटली, तरी पोलिसांची पहिली नजर आजही त्याच पालांकडे आणि वस्त्यांकडे वळते. म्हणून कोणत्याही दंडाच्या कायद्याचा जयजयकार करण्यापूर्वी आम्ही विचारले पाहिजे की, हा दंड कोणाच्या पाठीवर पडणार आहे?

येथे काहीजण म्हणतील, मग तुम्ही नशेचे समर्थन करता काय? मुळीच नाही! बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणा. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदीस स्पष्ट विरोध केला. त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली. यात विसंगती शोधणाऱ्यांना शीलाचा अर्थच उमगलेला नाही. प्रतिज्ञा ‘मी’ या शब्दाने सुरू होते. शील ग्रहण करताना उपासक ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे मी स्वीकारतो. शेजाऱ्याच्या हातात बेडी घालीन, असे तो म्हणत नाही. शील हा स्वतःवरचा अंकुश आहे. तो शिपायाच्या काठीने येत नाही आणि शिपाई निघून गेला म्हणून सुटतही नाही.

याच कसोटीवर हेम्पफेस्टचाही दोष सांगितला पाहिजे. समान न्यायाची मागणी न्याय्य होती. परंतु त्या मागणीबरोबर धुराच्या लोटांचाही उत्सव झाला. बेडी तुटणे हे स्वातंत्र्य खरे. त्या मोकळ्या हाताने स्वतःच्याच बुद्धीवर झापड ओढून घेणे, याला मुक्ती म्हणता येत नाही. शिवाय बंदी उठल्यावर दुकाने उघडली, व्यापार सुरू झाला आणि परवान्यांच्या वाटपात काळा माणूस मागेच राहिला. अखेर २०२० साली, म्हणजे बंदी उठल्यानंतर आठ वर्षांनी, त्या राज्याच्या विधिमंडळास या अन्यायाच्या निवारणासाठी वेगळा कायदा करावा लागला. तुरुंगात जाताना ज्याचा नंबर पहिला, नफा वाटताना त्याचा नंबर शेवटचा! केवळ कायदा बदलल्याने विषमता जात नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

आमच्या देशातील ढोंग तर याहून जुने आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. परंतु त्याच झाडाची नुसती पाने मात्र बंदीच्या व्याख्येतून वगळली. म्हणून शिवरात्रीस देवाच्या नावाने घोटलेली भांग प्रसाद ठरते आणि हमालाच्या चिलमीतील गांजा गुन्हा ठरतो. नशा एकाच झाडाची. एकीला धर्माचे कवच, दुसरीला पोलिसांची कोठडी. ज्यांनी असला प्रसाद देवासकट सोडून दिला, त्या बौद्ध कुटुंबांनी या भेदावर बोट ठेवावयाचे नाही, तर कोणी ठेवावयाचे?

धम्मबांधव आणि भगिनींनो, आपला मार्ग सरळ आहे. आपल्या घरात गांजा, भांग, दारू यांना थारा देऊ नका. कोणत्या राज्यात कोणता कायदा झाला वा उठला, याची वाट पाहू नका. मुलांना शील सांगताना तुरुंगाची भीती घालू नका. जागी बुद्धी हीच आपली एकमेव मिळकत आहे आणि ती गहाण टाकणारा पुन्हा गुलाम होतो, हे त्यांना समजावून सांगा. परंतु वस्तीतील एखादा मुलगा या व्यसनात सापडला, तर त्याला पोलिसांच्या स्वाधीन करून आपण शीलवान झालो असे समजू नका. त्याला विहारात आणा, वैद्याकडे न्या, कामाला लावा. त्याच्यावर खटला झाला, तर वकील द्या. आणि श्रीमंताच्या मुलाला जी सवलत मिळाली, ती त्यालाही मिळावी म्हणून भांडा.

आपले शील आपण पाळू; परंतु त्या शीलाची बेडी करून ती दुर्बलाच्या हातात घालू देणार नाही.