आई असताना अनाथ कशाला?

नेत्याचा वाढदिवस आला की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना अनाथ मुलं आठवतात. एरवी वर्षभर आठवत नाहीत. मग बालगृहात केक येतो, खाऊचे पुडे येतात, वह्यांचे गठ्ठे येतात. पोरांना सतरंजीवर रांगेत बसवतात. एक जण मोबाइल आडवा धरतो, दुसरा ओरडतो, "बाळांनो, हात वर करा, हसा!" पोरं हसतात, कारण त्यांना ते पाठ झालंय. संध्याकाळपर्यंत फोटो स्टेटसला आणि सकाळी पेपरच्या तालुका पानावर. एकेक चेहरा लख्ख ओळखू येणारा.

2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 74 आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही माध्यमांत छापायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोराच्या दुःखावर स्वतःचा फ्लेक्स उभा करणं ही समाजसेवा नाही, उपटसुंभपणा आहे. दहा वर्षांनी ते पोर नोकरी मागायला, लग्नाचं बोलायला कुणाच्या दारात उभं राहील, तेव्हा हा फोटो त्याच्या आधी तिथं पोचलेला असेल. त्याची परवानगी कुणी घेतली होती?

पण फोटो ही किरकोळ गोष्ट. मुख्य प्रश्न दुसराच आहे. त्या रांगेत बसलेल्यांपैकी खरोखर अनाथ किती?

केंद्र सरकारनं देशभरातल्या बालगृहांची पाहणी करून 2018 मध्ये अहवाल काढला. 9,589 संस्था तपासल्या. आई किंवा वडील यांपैकी एक जण हयात असलेली मुलं एक लाखाच्या वर निघाली, अनाथ मुलं त्याच्या निम्मीही नव्हती. म्हणजे ज्यांना आपण 'बिचारी, कुणी नाही हो त्यांना' म्हणून केक भरवतो, त्यातल्या पुष्कळांची आई कुठंतरी खुरपायला गेलेली असते. तिला पोर नकोसं झालेलं नसतं. नवरा गेला, सासरच्यांनी हात वर केले, मजुरीत दोन पोरांचं भागेना, आणि कुणीतरी शहाण्या माणसानं सल्ला दिला, 'आश्रमात टाक, पोटभर खाईल तरी.'

हा सल्ला देणारे सगळीकडे सापडतात. सरपंच देतो, पाव्हणे देतात, कधी कधी शाळेतले गुरुजीही देतात. आणि कायदा काय म्हणतो? त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 3 मध्ये तत्त्व लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्वच्छ म्हटलंय की केवळ गरिबीपायी पोराला घरापासून तोडू नये. आपल्याकडे शेवटचा उपाय पहिला होतो, कारण त्यात देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला भिंत मिळते. आईच्या हातात पैसे दिले तर पाटी कुठं लावणार?

पैसे द्यायची सोय नाही असंही नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळतात, घरातच राहून. ते मिळवायला काय लागतं? बापाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आईचं आणि पोराचं आधार कार्ड, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर पोराला घेऊन उभं राहून काढलेला फोटो. तालुक्यात कागद दिले तरी आदेश जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा, आणि जिल्ह्याचं बालविकास कार्यालय पुण्यात. इंदापूरहून सव्वाशे किलोमीटरच्या वर. एका खेपेत एसटीचं भाडं आणि रोजगार दोन्ही जातात. तिथं गेल्यावर कळतं की साहेब मीटिंगला आहेत.

केंद्राच्या मिशन वात्सल्यात प्रायोजकत्वाचे महिन्याला 4,000 रुपये आहेत. अट वाचा. ग्रामीण भागात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 72,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला सहा हजार. बारामतीच्या एमआयडीसीत झाडू मारणारी विधवा याच्या वर कमावते, म्हणून ती बाद. पोर घरी ठेवायला तिला मदत नाही, पण तेच पोर उद्या बालगृहात दाखल झालं तर त्याच्या जेवणाखाण्याला अनुदान आहे. आई कामाला जाते म्हणून मदत नाकारायची आणि पोर तिच्यापासून तुटलं की खर्च करायचा, असला हिशेब कुठल्या सहकारी सोसायटीत तरी खपवून घेतील का? ऑडिटर पहिल्याच पानावर लाल शेरा मारेल.

आता उसाकडे या. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, नीरा-भीमा, हे इथले साखर कारखाने. या दोन तालुक्यांची श्रीमंती याच धुराड्यांतून निघाली. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमानं उचल देताना नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो. पोरं हिशेबात नसतात. दहा वर्षांची पोरगी फडाच्या कडेला धाकट्याला कडेवर घेऊन असते, मोळ्या बांधते, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चूल पेटवते. शाळा सुटते ती मार्चनंतरच आठवते, आणि बऱ्याच जणींची मग लग्नंच होतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला 2016 पासून सरसकट बंदी आहे, सूट फक्त घरच्या उद्योगाला आणि बालकलाकारांना. उचल घेऊन कारखान्यासाठी तोडलेला ऊस हा कुणाच्या घरचा उद्योग?

या पोरांना आश्रमात घालायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही, आलाही तर तो उपाय नाही. त्यांना आई आहे, बाप आहे. त्यांना हवी ती कोपीजवळची शाळा आणि पाळणाघर, नाहीतर गावी आजीपाशी राहता येईल अशी हंगामी वसतिगृहाची जेवणाची सोय. हे होऊ शकतं, हेही इथंच दिसलंय. सोमेश्वरच्या परिसरात कार्यकर्त्यांनी कोप्यांवर जाऊन शाळा भरवल्या. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलंय. टन मोजायला काटा आहे, रिकव्हरी दशांशात काढायला प्रयोगशाळा आहे. मग आपल्या हद्दीत किती पोरं उतरली, हे मोजायला माणूस का नाही?

'लोकांकडे ताकद नाही हो,' असं मला कुणी सांगू नये. तुकोबांची पालखी येते तेव्हा बेलवाडीच्या रिंगणापासून इंदापूरपर्यंत गावंच्या गावं वारकऱ्यांना जेवू घालतात, कुणाकडून उत्पन्नाचा दाखला न मागता. ताकद आहे, दानत आहे. ती चुकीच्या दारात ओतली जाते.

ज्या पोराला खरंच कुणी नाही, किंवा ज्याचं घरच त्याच्या जिवावर उठलंय, त्याच्यासाठी चांगलं बालगृह हवंच. त्याहून आधी दुसरं कुटुंब हवं. कलम 44 मध्ये प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे. फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात जे घर उघडलं, ते फसवल्या गेलेल्या विधवेला तिच्या बाळासकट आसरा देणारं होतं. आई एकीकडे आणि बाळ दुसरीकडे, असली सक्तीची वाटणी त्यांनी केली नाही; बाळ सोबत न्यायचं की तिथंच ठेवायचं, हे आईवर सोडलं. त्यातलंच एक मूल, यशवंत, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी स्वतः दत्तक घेतलं. फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी हे एवढं तरी वाचावं.

तेव्हा पुढच्या वाढदिवसाचा कार्यक्रम मी सांगतो. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे. सरपंच तिचा अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. सरपंचाला जाऊन विचारा, शेवटची बैठक कधी झाली? गावात नवरा गेलेल्या किती बाया आहेत, त्यांतल्या किती जणींचा बालसंगोपनचा अर्ज भरलाय? उत्तर आलं नाही तर केकचे पैसे खिशात ठेवा, एका बाईला गाडीत घाला, तहसीलला न्या, दाखले काढून द्या, पुण्याला तिच्यासोबत जा आणि पैसे खात्यात पडेपर्यंत साहेबाच्या टेबलासमोरून उठू नका. तुमच्या नेत्याचं वजन असेल तर ते तिथं वापरा. आणि या सगळ्याचा फोटो काढू नका. एवढं ज्याला जमत नाही, त्यानं बालगृहाच्या दारात केक घेऊन जाऊ नये.