दुर्मीळ म्हणून दुर्लक्षित?

‘दुर्मीळ आजार’ असे म्हटले की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते : लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारावर वेळ आणि पैसा कशाला घालवायचा? जिथे कुपोषण, क्षयरोग आणि डेंग्यूलाच व्यवस्था पुरी पडत नाही, तिथे हा प्रश्न अगदीच अनाठायीही नाही. पण लहान मुलांच्या अंतःस्रावी ग्रंथींना ग्रासणाऱ्या एका दुर्मीळ आजाराचा गेल्या पाव शतकातील इतिहास पाहिला, तर हा हिशेब चुकीचा ठरतो.

आजाराचे नाव लांबलचक आहे : ऑटोइम्यून पॉलिएंडोक्राइन सिंड्रोम टाइप १, थोडक्यात एपीएस-१. यात मुलाची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याच ग्रंथींवर उलटते. बहुधा सुरुवात तोंडात पुन:पुन्हा होणाऱ्या बुरशीच्या पांढऱ्या चट्ट्यांनी होते. मग गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होऊन रक्तातील कॅल्शियम घसरते. हातापायांत पेटके येतात, कधी झटकेही. पुढे मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी नष्ट होतात. त्वचा काळवंडते, थकवा येतो, खारट खाण्याची ओढ लागते आणि एखाद्या साध्या तापात वा जुलाबात रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. या तीन गोष्टींमध्ये कित्येकदा वर्षांचे अंतर असते. त्यामुळे चट्टे एक डॉक्टर पाहतो, झटके दुसरा, थकवा तिसरा. तिन्ही कागद एकत्र ठेवून पाहणारा कुणी भेटेपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो.

हा आजार फिनलंडमध्ये सुमारे २५ हजारांत एकाला, सार्डिनिया बेटावर सुमारे १४ हजारांत एकाला, तर इराणी ज्यू समाजात सुमारे ९ हजारांत एकाला आढळतो. इतरत्र तो याहून कितीतरी विरळ. पिढ्यानपिढ्या आपसातच विवाह होणाऱ्या समूहांत सदोष जनुकाच्या दोन प्रती एकाच मुलात येण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे मुख्य कारण. या कुटुंबांच्या रक्ताच्या नमुन्यांवरूनच १९९७ मध्ये दोन संशोधक गटांनी दोषी जनुक शोधून काढले. त्याचे नाव ‘एअर’.

खरी गंमत त्यानंतरची. छातीच्या हाडामागे थायमस नावाची छोटी ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे ‘शिकतात’. थायमसच्या काही पेशी इन्सुलिनसारखी, शरीरात इतरत्र तयार होणारी प्रथिने स्वतः थोडी थोडी तयार करून या नवशिक्या पेशींसमोर मांडतात. जी पेशी त्यांच्यावर हल्ला करू पाहते, तिला तिथेच बाद केले जाते. ही प्रथिने मांडण्याचे काम ‘एअर’ जनुकामुळे होते, हे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. आपले शरीर ‘आपले’ आणि ‘परके’ यांतला भेद कसे शिकते, हा प्रतिकारशास्त्रातील मूलभूत प्रश्न. टाइप १ मधुमेहापासून थायरॉइडच्या विकारांपर्यंत कोट्यवधी लोकांना छळणाऱ्या आजारांच्या मुळाशी तोच आहे. त्याच्या उत्तरातला महत्त्वाचा दुवा या मूठभर मुलांमुळे सापडला.

एवढ्यावर हे थांबले नाही. एपीएस-१ च्या रुग्णांच्या रक्तात विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉन या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे असतात, हे २००६ मध्येच नोंदले गेले होते. २०२० मध्ये कोविडने धडधाकट वाटणारी माणसे अत्यवस्थ का होतात, याचा शोध सुरू झाला, तेव्हा ही जुनी नोंद कामी आली. प्राणघातक न्यूमोनिया झालेल्या किमान दहा टक्के रुग्णांत तशीच प्रतिपिंडे सापडली. आणि २०२४ मध्ये खुद्द या आजाराच्या उपचारातही पाऊल पुढे पडले. अमेरिकेतील संशोधकांनी इंटरफेरॉन-गॅमाचा अतिरेक हे नुकसानीचे कारण असल्याचे दाखवले आणि तो रोखणारे, रक्ताच्या एका विकारासाठी आधीच वापरात असलेले रुक्सोलिटिनिब पाच रुग्णांना दिले. त्यांच्या अनेक तक्रारी कमी झाल्या. पाच ही संख्या फार छोटी, त्यामुळे घाईने निष्कर्ष नको. पण आतापर्यंत केवळ उणीव भरून काढणाऱ्या उपचारांना प्रथमच मुळावर घाव घालणारा पर्याय दिसू लागला आहे.

आपल्याकडचे चित्र काय? लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉक्टरांनी भारतीय रुग्णांचा आणि त्यांच्यातील जनुकीय बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे, म्हणजे आजार आपल्याकडे आहे. जातीतल्या जातीत आणि काही समाजांत मामाच्या मुलीशीही लग्ने होणाऱ्या देशात असे आनुवंशिक आजार ठरावीक समूहांत साचलेले असणे स्वाभाविक आहे. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली, तेव्हा अधिवृक्क ग्रंथीचाच दुसरा एक जन्मजात विकार ५,७६२ बाळांमागे एकाला आढळला. शोधले म्हणून तो सापडला. केंद्राचे २०२१ चे दुर्मीळ आजार धोरण मात्र या आजारांची लोकसंख्येच्या प्रमाणावर आधारित व्याख्याही करू शकले नाही, कारण त्यासाठी लागणारी आकडेवारीच देशात नव्हती.

या धोरणाची चर्चा होते ती ५० लाखांपर्यंतच्या मदतीची आणि कोट्यवधींच्या इंजेक्शनांची. एपीएस-१ ची गरज त्यामानाने किरकोळ आहे. हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ही जुनी, स्वस्त औषधे मुलाला जगवतात. ती तालुक्याच्या गावी अखंड मिळायला हवीत. झटके येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कॅल्शियम एकदा तपासले जायला हवे. ज्याच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत, त्याच्या दप्तरात आणीबाणीत काय द्यायचे हे मराठीत लिहिलेले कार्ड हवे आणि शाळेला त्याची कल्पना हवी. मुंबईच्या केईएमसारख्या, धोरणात उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेल्या रुग्णालयांनी जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली रुग्णनोंद ठेवली, तर उपचार आणि संशोधन दोन्ही एकाच कामातून साधतील.

फिनलंडने आपली मुले मोजली, म्हणून जगाला प्रतिकारशक्तीचा एक नियम कळला. आपल्या मुलांची नोंदच होत नसेल, तर त्यांचा आजार दुर्मीळ आहे असे म्हणण्याचा अधिकार तरी आपल्याला कुठून मिळतो?