मीनारावर मतदान

परवा चहा पिता पिता एका जुन्या मित्राशी वाद झाला. तो चळवळीतला माणूस. म्हणाला, "पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मग तोंड मिटून बसायचं, ही कसली लोकशाही? स्वित्झर्लंडसारखं पाहिजे. लोकांनीच सह्या गोळा करायच्या, लोकांनीच मत द्यायचं. पुढाऱ्यांचं काम काय मधे?"

त्याचं म्हणणं मला निम्मं पटतं. तिथे अठरा महिन्यांत एक लाख मतदारांच्या सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदानाला जातो. देशभरातल्या मतांचं बहुमत हवं, शिवाय बहुसंख्य कॅन्टनचंही, म्हणजे तिथल्या राज्यांचं. बहुतेक प्रस्ताव पडतात. २०१२ मध्ये सर्वांना सहा आठवडे भरपगारी सुट्टी द्यावी असा प्रस्ताव आला, तर दोन तृतीयांश लोकांनी स्वतःचीच सुट्टी नाकारली! (आपल्याकडे असा प्रस्ताव आला तर मोजणीचीही गरज पडणार नाही.) मार्च २०२४ मध्ये मात्र वृद्धांना वर्षाला तेरावं पेन्शन द्यावं, हा प्रस्ताव सरकारचा विरोध असताना ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. एरवी पडलेला प्रस्तावही वाया जात नाही. सह्यांचा गठ्ठा बघून सरकार अनेकदा स्वतःच मधला मार्ग काढतं.

आता उरलेलं निम्मं.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी याच रस्त्याने स्वित्झर्लंडच्या घटनेत एक वाक्य आलं: मीनार बांधण्यास मनाई आहे. साडेसत्तावन्न टक्के लोकांनी होकार दिला. सरकार आणि संसद, दोघांनीही हा प्रस्ताव फेटाळा असं सांगितलं होतं. त्या वेळी अख्ख्या देशात मीनार होते चार. मुसलमान होते चारेक लाख, बरेचसे बोस्निया, कोसोवो, तुर्कस्तानकडून आलेले, आणि त्यातले बहुतेक नागरिक नसल्याने त्यांना मतच नव्हतं. ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचा होता, ते मोजणीच्या बाहेर.

कुणी म्हणेल, मीनार काही इस्लामची अट नाही. खरं आहे. पैगंबरांच्या हयातीत मदिनेच्या मशिदीलाही मीनार नव्हता. पण शेजारच्या चर्चचा मनोरा उभाच राहिला ना? बंदी उंचीवर नव्हती, माणसांवर होती.

आणि हा अपवादही नव्हे. राज्यघटनेत हवी ती दुरुस्ती सुचवण्याचा हा हक्क स्विस लोकांना १८९१ मध्ये मिळाला. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, मंजूर झालेला पहिलावहिला प्रस्ताव कोणता? जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापू नये, हा. कारण प्राणिदयेचं सांगितलं गेलं, रोख ज्यूंवर होता. तेव्हाही सरकारचा विरोध होता, तरी साठ टक्के लोक 'हो' म्हणाले. ती बंदी आजही आहे, आता ती हलाललाही लागू होते.

मित्र म्हणाला, "मग तुझा लोकांवर विश्वासच नाही."

आहे. आमच्या मामीवर आहे. आपल्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान होतं. पाव हिस्सा बायकांनी सह्या करून मागणी केली की गावात दारूच्या दुकानावर मत घेतलं जातं. मामीच्या गावात ते झालं तेव्हा ती बुरखा सावरत, गुडघे धरत दोन तास रांगेत उभी होती. तिच्या पुढे-मागे मराठा, दलित, धनगर बायका. दुकान बंद करायला, झालेल्या मतांच्या नव्हे, गावातल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. दारूचा मार ज्यांच्या घरात पडतो त्यांचंच मत, आणि अटही अवघड. थेट मतदानाचं हे रूप मला मान्य आहे.

तिथे स्विस बायकांची गोष्ट आठवते. १९५९ मध्ये त्यांच्या मताधिकारावर मतदान झालं, मत देणारे सगळे पुरुष. दोन तृतीयांश पुरुषांनी नकार दिला. बारा वर्षांनी, १९७१ मध्ये, जवळपास तितक्याच पुरुषांनी होकार दिला. मित्र म्हणेल, बघ, लोक शिकतात. शिकतात, पण तोवर एका पिढीच्या बायका मत न देताच गेल्या. आणि आपणही फार हसू नये. आपल्या किती जमातींच्या निवडणुकीत बायकांची नावं यादीत असतात? आमच्या मोहल्ल्यात तर नाहीत.

भारतात निदान १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने एक कुंपण आहे: घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये प्रस्ताव आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अगदी मोजक्या सक्तीच्या नियमांविरुद्ध असेल तरच, किंवा मांडणीतच दोष असेल तर, रद्द होतो. मीनारबंदी त्या चाळणीतून सहज निसटली.

शेवटी मी मित्राला एवढंच विचारलं, "समज, उद्या आपल्या शहरात सह्यांचा कायदा आला. रस्ते, पाणी, दवाखाना, मशीद. पहिल्या सह्या कशासाठी जमतील?"

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किती दिवसांत, ते विचार."