केस पेपर कोणाचा?



गेले काही महिने आपल्या पालकांच्या ग्रुपवर एकाच गोष्टीवरून धुसफुस चालू आहे. मुलगी अकरा वर्षांची झाली आणि इथे इंग्लंडमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, प्रॅक्टिसकडून निरोप आला: तिच्या वैद्यकीय नोंदी यापुढे तुमच्या ॲपवर दिसणार नाहीत, हव्या असतील तर अर्ज करा, तिच्याशी बोलून ठरवू. "आम्ही काय परके आहोत?" असं एका बाबांनी लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. दुसऱ्या एका आईला पंधरा वर्षांच्या मुलाच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी गोडीगुलाबीने सांगितलं, आता पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा. "मीच जणू आजार!" असं त्यांनी लिहिलं. वाक्य झकास आहे, पण माझं मत डॉक्टरीणबाईंच्या बाजूने आहे.

मुलांच्या गुप्ततेचा हा नियम कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याच्यामागे एका आईनेच लढवलेला खटला आहे. व्हिक्टोरिया गिलिक या बाईंना दहा मुलं, त्यांत पाच मुली. सोळा वर्षांखालच्या मुलीलाही, गरज पडल्यास, आईवडिलांना न सांगता डॉक्टर गर्भनिरोधनाचा सल्ला देऊ शकतात, असं १९८० च्या सरकारी परिपत्रकात म्हटलं होतं. माझ्या मुलींच्या बाबतीत माझ्या संमतीशिवाय असं काही होणार नाही, याची हमी त्यांनी आरोग्य खात्याकडे मागितली. ती मिळाली नाही, म्हणून त्या कोर्टात गेल्या. १९८३ साली हरल्या, पुढच्याच वर्षी अपिलात जिंकल्या, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी पुन्हा हरल्या. ठरलं ते असं: आपल्यावर कोणता उपचार होतो आहे, त्याचे बरेवाईट परिणाम काय, हे नीट कळण्याइतकी समज मुलाला असेल, तर सोळाच्या आतही त्याची संमती चालते. गंमत म्हणजे ही समज जोखण्याच्या कसोटीला आज डॉक्टरमंडळी हरलेल्या बाईंचंच नाव लावतात.

हे नीट वाचलं तर पुष्कळांचा राग निवळेल. सोळा पूर्ण झाल्यावर उपचाराला संमती देण्याचा हक्क १९६९ च्या कायद्यानेच दिलेला आहे. सोळाच्या आत डॉक्टर प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक प्रश्नाला वेगळं तोलतात. चौदा वर्षांच्या मुलीला मुरुमांच्या मलमाचं कळत असेल, पण मोठ्या शस्त्रक्रियेचं कळेलच असं नाही. आणि गुप्तता म्हणजे वाटेल ते झाकून ठेवणं नव्हे. मुलाच्या जिवाला धोका दिसला, कुणी त्याचा छळ करत असलं, तेरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत लैंगिक संबंधांचा विषय निघाला, तर डॉक्टर गप्प बसत नाहीत. बहुधा मुलाला आधी सांगून पुढे कळवतात. शिवाय चांगला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो की हे घरी सांगितलंस का, सांगायला मी मदत करू का. पाच मिनिटं बाहेर बसलेल्या आईच्या वाट्याचं बरंचसं काम आत चाललेलं असतं.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण दार नसलेला दवाखाना मी पाहिला आहे. मी धावड्याचा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगरांच्या बाजूचं, मिरची आणि कापसाचं गाव. आमच्याकडच्या दवाखान्यात एक टेबल, एक स्टूल, एक पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे बाकावर दहा माणसं. कंपाउंडर विचारतो, "कोणाची गं तू?" मग बापाचं नाव, मग "काय होतंय?" पोरीने तोंड उघडायच्या आत काकू सांगून मोकळी होते. डॉक्टर पाळीचं विचारतात ते काकूला, आणि उत्तर ऐकतो सगळा बाक. औषधं कागदात गुंडाळून घरी येईपर्यंत बातमी ओट्यावर पोचलेली असते. कुणाच्या मनात वाईट नसतं. सगळे विचारपूसच करत असतात.

याची किंमत मोजावी लागते ती सोयरिकीच्या वेळेला. फिट येणाऱ्या मुलीला आईबाप जवळच्या दवाखान्यात नेत नाहीत. एसटीने जालन्याला नाहीतर संभाजीनगरला नेतात, म्हणजे ओळखीचं कुणी भेटू नये. पाहुणे यायचे ठरले की गोळ्यांची पाकिटं डब्यात खाली जातात, आणि कधीकधी गोळ्याच बंद होतात, कारण सासरी गोळी खाताना दिसली तर? फिटच्या गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. म्हणजे बोभाट्याच्या भीतीने अब्रूबरोबर तब्येतही जाते. मुलगा असेल तर त्याचं दुखणं वेगळं: तो डॉक्टरकडे जातच नाही, दोस्ताच्या मोबाइलवर इलाज शोधतो.

तिकडे सरकारने काहीच केलं नाही असं नव्हे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना खासगीत बोलता यावं म्हणून महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक निघाली. कल्पना उत्तम. पण दारावर मोठ्या अक्षरांत पाटी, समोर ओळखीच्या बायका, आणि 'ही तिकडे कशाला गेली?' हा प्रश्न. समुपदेशक कितीही भला असला तरी त्या दारापर्यंत पोचणं हेच अर्धं संकट.

कायद्याची गाठ त्याहून अवघड. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा. तिची संमती असली तरी. आणि डॉक्टरला तो कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शेकडा बावीसजणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. जालना जिल्ह्यात तर साधारण तिसऱ्या हिश्श्याचं. अशी सोळा वर्षांची सून पोटुशी राहिली की घरचे दवाखान्याला टाळतात किंवा वय वाढवून सांगतात. केस पेपरवर एकोणीस लिहिलं जातं आणि जोखमीचं बाळंतपण साध्या रांगेत उभं राहतं. कायदा मुलीच्या संरक्षणासाठीच आहे, आणि तो सैल करा असं मी म्हणत नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दुखणं ओळखलं: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी तशी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना खबर देताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. खबर जाईल, नाव जाणार नाही. वाट अरुंद आहे, पण आहे.

माहितीच्या गुप्ततेचंही तसंच. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूल, आणि माहितीसाठी संमती पालकांची. सात वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांची कॉलेजकन्यका एकाच मापात. इंग्लंडच्या कायद्यात मला सगळंच गोड दिसतं असं नाही. जीपीची भेट मिळवताना जो जीव मेटाकुटीला येतो त्यावर वेगळा अंक काढावा लागेल. पण समज वयाबरोबर वाढत जाते, एका वाढदिवसाला टपकत नाही, हे इथल्या न्यायाधीशांना चाळीस वर्षांपूर्वी कळलं.

आता आपल्याकडे वळतो. मागे गावाकडे आमच्या भागातल्या एका शाळेत मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर झालं. पैसा परदेशातल्या मराठी माणसांचा, हेतू निर्मळ. शिबिर आटोपायच्या आत यादी व्हॉट्सॲपवर फिरू लागली. रकाने असे: नाव, वडिलांचं नाव, इयत्ता, एचबी, आणि शेवटचा, 'पाळी सुरू: हो / नाही'. सोबत बोट टोचून घेणाऱ्या मुलींचे फोटो. देणगीदारांना हिशेब हवा म्हणून ही यादी केली होती! ज्या बाबांना आपल्या लेकीच्या नोंदी जीपीने बंद केल्याचा राग येतो, त्यांच्याही फोनवर ती यादी पोचली असेल, आणि तिथे कुणाला काही खटकलं नाही.

आपल्या मराठी मंडळाकडे यंदा गावाकडच्या शिबिरांसाठी मदतीचे अर्ज येत आहेत. कार्यकारिणीपुढे मी ठेवणार आहे ती अट साधी: आम्हाला आकडे द्या, किती तपासल्या, किती जणींना औषध सुरू झालं, किती जणींना पुढे पाठवलं. नावं नकोत, चेहरे नकोत. मुलीचा कागद मुलीच्या आणि घरच्यांच्या हातात, आणि एक प्रत डॉक्टरकडे. तपासणीच्या खोलीला दार किंवा निदान पूर्ण पडदा हवा. यावर सभासदांनी मत कळवावं. विरोध असेल तर तोही.

घरातल्या गोष्टीही यातच येतात. भारतातून आजी आल्या की त्यांच्या दुखण्याचं इंग्रजी करायला आपण बारा वर्षांच्या नातीला डॉक्टरपुढे बसवतो. आजीला तिच्यासमोर सांगायचं नसतं आणि तिला ते ऐकायचं नसतं. प्रॅक्टिसला आधी कळवलं तर दुभाषा मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. मुलांच्या तपासण्यांचे कागद 'कुणी डॉक्टर आहे का ग्रुपवर?' म्हणून टाकणं तर आजपासूनच थांबवा. आपल्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत, आणि त्यांत मुलाच्या वर्गमित्रांचे आईबापही आहेत.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपल्याच एक सभासद, ज्या जीपी आहेत, या विषयावर पालकांशी आणि मुलांशी वेगवेगळ्या खोल्यांत बोलणार आहेत. प्रश्न आधी पाठवावेत. मुलांनीही पाठवावेत, नाव लिहायची गरज नाही.

आपला,
संपादक