दर्जा घसरला, पण कुणासाठी?

‘आमच्या वेळी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर असायचा. आता गल्लीत दगड मारला तर बीई झालेल्यालाच लागतो.’ आमच्या नात्यातले एक चाचा हे दर लग्नात ऐकवतात. सत्तरच्या दशकात सरकारी कॉलेजातून सिव्हिल करून ते पाटबंधारे खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते, त्यामुळे मी त्यांना दुजोरा देईन अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला त्यांचं निम्मंच पटतं.

पटतं ते आधी सांगते. समोर बसलेला मुलगा ‘लिंक्ड लिस्ट’ची व्याख्या घडाघडा म्हणतो. तुझ्या फोनमधल्या गाण्यांच्या यादीत ती कशी वापरशील, असं विचारलं की गप्प होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणलेला आहे, हे दुसऱ्या प्रश्नालाच कळतं. डिस्टिंक्शन मिळालेल्यांचीही ही गत असते. चार वर्षांत या मुलांना कुणी ‘असं का?’ हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

पण चाचांच्या काळाशी तुलना करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. १९८३ पूर्वी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजं मोजकीच होती. मुंबई, पुणे, सांगली, कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती, इथेच यादी जवळजवळ संपायची. तिथवर पोचलेला मुलगा आधीच दहा चाळण्यांतून गेलेला असे. चाचांच्याच सांगण्याप्रमाणे त्यांच्या बॅचमध्ये मुसलमान दोघं होते आणि मुलगी एकही नव्हती. त्या निवडक पोरांची बरोबरी आजच्या लाखांच्या सरासरीशी लावायची आणि पिढी बिघडली म्हणायचं, हा हिशोब मला मान्य नाही. शिवाय ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवून, खालून दिवा लावून उतरवायची कला, म्हणजे ‘जीटी मारणं’, आम्ही शोधून काढलेली नाही. ती आम्हाला सिनिअर्सकडून मिळाली, त्यांना त्यांच्या सिनिअर्सकडून. चाचा या विषयावर फार बोलत नाहीत.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. आज राज्यात तीनशेच्या वर इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. देणग्यांचा बाजार इतका माजला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही हे दार उघडलं नसतं, तर माझ्यासारखी तालुक्याच्या गावातली, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलगी इंजिनिअर झाली नसती. अल्पसंख्याक संस्थांची इंजिनिअरिंग कॉलेजंही याच वाटेने उभी राहिली. (आरक्षणामुळे दर्जा गेला म्हणणारे मॅनेजमेंट कोट्याबद्दल कधी बोलत नाहीत, हे जाता जाता.)

दार उघडलं, पण आत काय होतं? माझ्या कॉलेजात तपासणी समिती यायची तेव्हा आम्ही कधीच न पाहिलेले प्राध्यापक स्टाफरूममध्ये बसलेले दिसायचे. लॅबचं कुलूप उघडायचं, शेजारच्या डिपार्टमेंटमधून कॉम्प्युटर उचलून आणले जायचे. समिती गेली की सगळं परत जागच्या जागी. एरवी शिकवायला आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, नुकतेच बीई झालेले, नोकरी शोधता शोधता थांबलेले सर असायचे. त्यांचा पगार वेळेवर होत नसे. त्यांना मी दोष देत नाही.

ही घसरण मुलांची नाही आणि ती लपूनछपूनही झालेली नाही. तंत्रशिक्षण परिषदेचा नियम पूर्वी पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा होता. २०१८ मध्ये तो वीसमागे एक करण्यात आला. सीनिअर कॉलेजांत वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर काम भागवलं जातं. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात २०१७ साली ऑनलाइन पेपर तपासणीचा असा गोंधळ झाला की निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. ज्यांचे निकाल अडकले, त्यांना कुणी ‘या पिढीचा दर्जाच नाही’ म्हणायचं कारण नव्हतं.

आणि ही घसरण सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. पवईच्या आयआयटीत किंवा पुण्याच्या सीओईपीत शिकणाऱ्याला तिची झळ फारशी लागत नाही. ती लागते तालुक्याच्या कॉलेजात, जिथे आपली पोरं उशिराने पोचली. वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्केही नाहीत, असं २००६ मध्ये सच्चर समितीने लिहिलं होतं. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण तेव्हा साधारण ७ टक्के होतं.

म्हणूनच चाचांच्या त्या वाक्याची मला भीती वाटते. ते नुसतं लग्नातल्या गप्पांत राहत नाही. ‘डिग्रीला आता काय किंमत राहिली, त्यापेक्षा गॅरेजवर बस’, ‘पोरीला एवढं शिकवून शेवटी काय’, असं होऊन ते घराघरात पोचतं. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा ८ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास १ लाख ८० हजारांनी घटली. ते कोविडचं वर्ष होतं. अशा वर्षी ‘शिकून काय उपयोग’ हे ऐकायला मिळालं, तर आधीच डळमळलेलं घर लगेच माघार घेतं.

अम्मीचे दागिने गहाण टाकून फी भरायची असेल, तर त्या फीत काय मिळतं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि फी भरायची का, हेही आधी बघा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य सरकारने माफ केलं आहे. बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार अशा आपल्या अनेक जमाती ओबीसीत येतात. दाखले मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.

कॉलेजच्या जाहिरातीत ‘एनबीए’ लिहिलेलं असलं, तर ते कोणत्या शाखेला मिळालंय ते तपासा. ते मानांकन शाखेला असतं, सगळ्या कॉलेजला नसतं. वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाची फाइल असते, तिच्यात शिक्षकांची नावं असतात. ती छापून घ्या आणि एखाद्या साध्या मंगळवारी, ओपन डेला नाही, कॉलेजात जा. कँटीनमध्ये सेकंड इयरचा कुणीतरी भेटेलच. त्याला यादी दाखवून विचारा, यातले किती जण तुला शिकवायला येतात?