तान्ह्या बाळांच्या हातावरील शस्त्रक्रिया : भीती बोटाची, धोका मात्रेचा

बोगादी (म्हैसूर) : सहावे बोट किंवा जुळलेली बोटे घेऊन जन्मलेल्या बाळाच्या पालकांचा पहिला प्रश्न बोगादीसारख्या शहरालगतच्या वस्तीत असो वा महानगरात, एकच असतो : एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल द्यावी लागेल का? या प्रश्नाच्या उत्तरात ॲड्रेनालिनमिश्रित लिग्नोकेन या जुन्या, स्वस्त औषधाला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र, बोटात ॲड्रेनालिन टोचू नये, रक्तवाहिन्या आकुंचन पावून बोट काळे पडते, अशी शिकवण वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना मिळाली.

ही शिकवण ज्या नोंदींवर उभी आहे त्या फारशा भक्कम नाहीत. 1880 ते 2000 या काळात भूल दिल्यानंतर बोट सडल्याच्या 48 घटना वैद्यकीय साहित्यात आढळतात. त्यांपैकी केवळ 21 घटनांत ॲड्रेनालिन वापरले होते आणि बहुतेकांत त्याचे प्रमाणच नोंदलेले नव्हते. त्या काळी प्रचलित असलेले प्रोकेन साठवणुकीत तीव्र आम्लधर्मी होत असे. अशा प्रोकेनबाबत अमेरिकेत 1948 मध्ये इशारा देण्यात आला होता. कॅनडातील शल्यविशारद डॉन लालोंद व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हात व बोटांवरील सलग 3,110 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात एकही बोट गमवावे लागले नाही. पुढे अपवादात्मक हानीच्या काही घटना नोंदल्या गेल्या, त्यामुळे धोका शून्य आहे असे म्हणता येणार नाही.

हा पुरावा मुख्यतः प्रौढांचा आहे. तान्ह्या बाळांवरील अनुभव दिलासादायक असला तरी तुलनेने लहान गटांपुरता मर्यादित आहे. शिवाय प्रौढ रुग्ण गप्पा मारत हात पुढे करतो, बाळ तसे करीत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, केवळ त्वचेच्या देठाने जोडलेले अतिरिक्त बोट स्थानिक भुलीवर काढता येते. हाडाचा सहभाग असलेल्या शस्त्रक्रियेत मात्र पूर्ण भूल टळत नाही. तेथे या औषधाचे काम रक्तस्राव आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना कमी करणे एवढेच. पूर्ण भुलीचा कालावधी त्यामुळे कमी झाल्यास तो लाभही लहान नव्हे. तीन वर्षांखालील मुलांना दीर्घ काळ वा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकी औषध प्रशासनाने 2016 मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. तासाभराहून कमी अवधीच्या एकाच भुलीने पाच वर्षांच्या वयात बुद्ध्यांकावर परिणाम दिसला नाही, असे 2019 मधील आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले.

बाळाच्या बाबतीत खरी चिंता बोटाची नसून वजनाची आहे. ॲड्रेनालिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा सर्वसाधारणपणे किलोमागे 7 मिलिग्रॅम मानली जाते आणि सहा महिन्यांखालील बाळांसाठी ती सुमारे 30 टक्क्यांनी कमी करण्याची शिफारस आहे, कारण त्यांच्या रक्तात हे औषध बांधून ठेवणारे प्रथिन कमी असते. तीन किलोच्या बाळासाठी ही मर्यादा जेमतेम 15 मिलिग्रॅम येते. दोन टक्क्यांच्या द्रावणात ती पाऊण मिलिलिटरमध्येच संपते. तीस मिलिलिटरच्या एका कुपीत 600 मिलिग्रॅम औषध असते, हे लक्षात घेतले म्हणजे सिरिंज भरणाऱ्या हाताची चूक किती महाग पडू शकते ते कळते. अतिमात्रेमुळे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून औषध पातळ करणे, वजनावरून केलेला हिशेब दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे आणि 20 टक्के स्निग्ध द्रावण हाताशी ठेवणे हे कोणत्याही लहान रुग्णालयालाही शक्य आहे.

बोट फिकटच राहिले तर फेंटोलामाइन हा उतारा आहे. स्वयंसेवकांवरील चाचणीत त्याने बोटाचा रंग सरासरी 85 मिनिटांत परतला. उताऱ्याविना 320 मिनिटे लागली. म्हणजे पाच तासांहून अधिक काळ फिकट दिसणारे बोटही पूर्ववत होऊ शकते, ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच पालकांना दिलेली असावी. अन्यथा घरी पट्टीतून डोकावणारे पांढरट टोक पाहून त्यांची रात्र धास्तीत जाईल.