हातात कॅमेरा आहे म्हणून ती शिकार नाही?

दिवाळी झाली तरी पाऊस हटत नाही. उजनी काठोकाठ भरलेली. आणि भिगवणला जाऊन आलेले फोटोग्राफर कुरकुरतायत, 'यंदा पक्षीच नाहीत, ट्रिप फुकट गेली.'

अहो, पक्षी बसतील कुठं? रोहित, म्हणजे तुमचा फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोच उलटी करून चिखल गाळतो आणि त्यातले किडे, अळ्या, बारीक जीव खातो. भीमेचं पाणी उतरून काठची दलदल उघडी पडली की त्याचं ताट वाढलं जातं. पाऊस लांबला की ती दलदल पाण्याखालीच राहते. लवकर आलेल्या थव्यांना मग एखाद्या कोपऱ्यातच उथळ पाणी मिळतं. आणि आपण होडी घालतो ती नेमकी तिथंच.

का? तर 'फ्लाइंग शॉट' पाहिजे! पंखाखालचा लाल रंग उडाल्याशिवाय दिसत नाही आणि त्याशिवाय लाइक पडत नाहीत. मग नावाड्याला सांगायचं, 'दादा, अजून जवळ घ्या, उडवा की!' रोहित जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत जाऊन उडतो. त्याला ताकद लागते. दिवसातून दहा होड्यांनी उठवलं, तर तो खाणार कधी? कुरव पक्ष्यांची वेगळीच तऱ्हा. त्यांना शेव-गाठ्या फेकायच्या, की थवा लेन्ससमोर हजर.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. मारणं, पकडणं तर त्यात आहेच. पाठलाग करणं, हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे. वकील काय वाद घालायचा तो घालोत, पण आपण होडीत बसून नेमकं काय करतो, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

लगेच नावाड्यांवर घसरू नका. १९८० मध्ये धरण झालं, त्यात या काठच्या गावांच्या जमिनी गेल्या. मासेमारी आणि चार महिन्यांचे पर्यटक, यावर कितीतरी घरं चालतात. एकानं 'जवळ नेत नाही' म्हटलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसतं. म्हणजे सुधारायचं कुणी? पैसे देणाऱ्यानं.

मागणी साधी आहे. नावाडी, ग्रामपंचायत आणि वनविभागानं एकत्र बसून होडीचं अंतर ठरवावं, थव्याजवळ इंजिन बंद आणि खाऊ फेकणं बंद. नियम सगळ्या होड्यांना एकच, म्हणजे नियम पाळणाऱ्याचं पोट मारलं जाणार नाही. फोटो स्पर्धा भरवणाऱ्यांनी उठवलेल्या थव्याला बक्षीस देऊ नये.

आणि पावसात फोटो नाही मिळाला, तर नाही मिळाला. डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरल्यावर परत या. तुमची एक ट्रिप वाया जाईल. त्याची मात्र उपासमार टळेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, पण आधी ती व्याख्या वाचून या.